जाळीची मोटार

माघ उतरणीला लागला की तुळजापुरात घाटाकडून येणाऱ्या वाऱ्याचा वास पालटतो. मुळासकट उपटलेल्या ज्वारीला चिकटून आलेली काळी माती उन्हात तडकते, आणि तिच्या भेगांतून थंडीचा उरलासुरला ओलावा निघून जातो. त्या वासाला आमच्याकडे सुगीचा वास म्हणतात. सुगी म्हणजे सुबत्ता, खळी, भरलेली पोती. सगळ्यांसाठी तो आनंदाचा शब्द. माझ्या मात्र तो वास आला की पाठीतून काहीतरी सरकत जातं, आणि मी नकळत रस्त्याकडे पाहू लागते.

परवा नात गच्चीच्या कठड्याला टेकून देवीच्या दर्शनाला आलेल्या मोटारी मोजत होती. "आजी, ही सेडान. ती हॅचबॅक. ती उंच आहे ना, ती एसयूव्ही." तिचे शब्द काचेसारखे गुळगुळीत होते, कुठंही बोट अडकत नव्हतं. मग तिनं विचारलं, "तुझ्या लहानपणी कोणत्या होत्या गं?"

"टपाची मोटार," मी म्हटलं. "बंद मोटार. उघडी जीप. लारी. कोळशाची सर्व्हिस."

ती हसली. "ही काय मोटारींची नावं झाली?"

आणखी एक नाव होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

निजामी संपून दोन-तीन सुग्या झाल्या असतील. ढोकी आणि तेर यांच्या मधल्या कच्च्या रस्त्यावर आमचं गाव होतं. माझे वडील तिथं मास्तर. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. शाळेला लागूनच आमचं घर, आणि घरावर मातीचं माळवद. त्या माळवदावरून रस्ता दीड-दोन मैल दिसायचा. आधी ज्वारीच्या पिवळ्या फडांतून, मग करडईच्या काटेरी पट्ट्यांतून, आणि शेवटी ओढ्याच्या उतारावर येऊन तो गावात शिरायचा. त्या रस्त्यावर मोटार आली, तर ती कोणती हे ती पोचण्याआधी गावाला कळावं लागे. म्हणून ज्याच्या माळवदावर जे कुणी असेल, त्यानं धूळ पाहून ओरडायचं. एका माळवदावरचा शब्द दुसऱ्यावर जाई, दुसऱ्यावरचा तिसऱ्यावर, आणि मोटार ओढ्यात उतरेपर्यंत गावानं आपला चेहरा तिच्याजोगा करून ठेवलेला असे.

'टपाची' म्हणजे कापडी टप मागं पाडता येणारी. ती निजामी काळातल्या जमीनदारांची, म्हातारी झालेली, चढावर दम लागणारी. टपाची म्हटलं की माणसं डोईचा पटका सारखा करायची. 'बंद' म्हणजे चहूबाजूंनी काच असलेली, धाराशिवच्या मोठ्या साहेबांची. आतली माणसं डोहातल्या माशांसारखी ओठ हलवताना दिसत, आवाज बाहेर यायचा नाही. 'जीप' हा शब्द थोबाडीत मारल्यासारखा उच्चारला जायचा. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत ती आली आणि मग येतच राहिली; तिला दारं नव्हती, त्यामुळं तिच्यातली माणसं थांबण्याआधीच उतरलेली असत. 'लारी' म्हणजे सरकारी लेव्हीची, सक्तीनं धान्य वसूल करून नेणारी. ती दिसली की जमिनीत धान्य साठवलेल्या पेवांच्या तोंडांवर घाईघाईनं शेणकाला फिरायचा आणि वर एखादी शेळी बांधली जायची. 'सर्व्हिस' मात्र आपली, प्रवाशांची. लढाईच्या दिवसांत ती कोळशाच्या धुरावर चालायची, पुढं पेट्रोलवर चालू लागली, तरी जुनी माणसं तिला कोळशाचीच म्हणत. कुणाच्याही शब्दात मोटार कुणी बनवली ते नसे. दुरून डोळ्याला आधी काय दिसतं तेवढंच नाव. आणि त्या नावाच्या पोटात, ती काय घेऊन जाते ते.

मला हे शब्द आवडत. नऊ-दहा वर्षांची होते मी. नुसत्या धुळीवरून मोटार ओळखण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. लारीची धूळ जड, जमिनीलगत लोळणारी. जीपची पातळ, उभी, चाबकासारखी. "मास्तरची पोर वरडली म्हंजी तसंच असतंय," असं बायका म्हणत, आणि मला ते एखाद्या बक्षिसासारखं वाटे.

आणि 'जाळीची'. खिडक्यांना काच नाही, लोखंडी जाळी. ती मी तोवर एकदाच पाहिली होती. निजामीच्या शेवटच्या वर्षी नाना मुलांना चोरून मराठी शिकवतात, असं कुणीतरी वर कळवलं, आणि जाळीची मोटार त्यांना न्यायला आली. तेव्हा शेजारचा गणपा ओढ्यात बैलांना पाणी दाखवत होता. शिपायानं विचारलं, मास्तरचं घर कुठं. गणपानं हात वर करून बोट दाखवलं. एवढंच. नाना पाच महिने तुरुंगात होते. परत आले तेव्हा दार आपटलं तरी त्यांचे खांदे कानांपर्यंत चढायचे. गणपा त्यांच्यासमोर येऊन एकच वाक्य बोलला होता, "मास्तर, ह्या बोटानं दावलं म्या." नानांनी त्याचं बोट धरून त्याला ओट्यावर बसवलं आणि चहा दिला. पण गणपाच्या मनातून ते बोट काही खाली आलं नाही.

त्या सुगीत माझी थोरली बहीण पमाअक्का पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा सरत आला होता. ती आली तेव्हा तिच्या हसण्यानं घर भरून गेलं. आणि मग हळूहळू, अंगणातली सावली सरकावी तसं, ते हसणं भिंतीकडे सरकत गेलं. आधी तिच्या पायांत जोडवी रुतू लागली. आईनं साबणाच्या पाण्यात पाय बुडवून ती काढली, तर बोटांवर निळे वळ राहिले. मग तिचा चेहरा सकाळी उठल्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा दिसू लागला. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक असायचं, त्याला आम्ही सानं म्हणायचो. त्यातून पडणारा उन्हाचा गोल कवडसा अक्काला फार आवडे. लहानपणी ती त्यात हात धरून बसायची. एका सकाळी ती म्हणाली, "नाना, ते सानं झाका. उजेड डोक्यात घुसतो आहे." मी वर जाऊन सान्यावर परात पालथी घातली. घर विहिरीसारखं झालं. त्या अंधारात अक्का म्हणाली, "आता बरं. पण आईच्या अंगाभोवती हे काजवे कसले गं?"

काजवे नव्हते. नाना उठले आणि धाराशिवच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहायला बसले. सर्व्हिसच्या ड्रायव्हरजवळ त्यांनी ती दिली. दवाखान्याची मोटार पाठवतील, असं ड्रायव्हरनं दुसऱ्या फेरीला येऊन सांगितलं. आज नाही तर उद्या.

"गावात बोलू नका," आई म्हणाली. पोटुशीचं दुखणं ती मोकळी होईस्तोवर चारचौघांत काढायचं नाही, नजर लागते, हा तिच्या आईकडून आलेला नेम होता. नाना असल्या गोष्टी मानत नसत. पण त्या दिवशी आईच्या डोळ्यांकडे पाहून ते गप्प राहिले. त्यामुळं ती मोटार कुणासाठी येणार आहे, हे आमच्या घरातल्या चौघांखेरीज गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून माळवदावर होते. वाळत घातलेल्या मिरच्या राखायचं निमित्त होतं; खरं म्हणजे मी वाट पाहत होते. मनात मी तिचं नावही ठरवलं होतं, 'पांढरी'. दवाखाना पांढरा असतो, तिथल्या बायकांची लुगडी पांढरी असतात, तर मोटारही पांढरीच असणार. तो शब्द पहिल्यांदा गावात मीच ओरडणार होते. खाली खळ्यांवर उधळण चालली होती, दाणे वाऱ्यावर सोडून भूस वेगळं करणं. वारा पडला की माणसं पाट्या डोक्यावर धरून थांबत, आणि त्या थांबण्यात सगळं शिवार कान देऊन उभं असल्यासारखं भासे.

उन्हं तापायच्या सुमारास धूळ उठली. लारीपेक्षा हलकी, जीपपेक्षा रुंद. अशी धूळ मला माहीत नव्हती. मग करडईच्या पट्ट्याआडून ती बाहेर आली. खाकी. चौकोनी. पलटणीतून काढलेली असावी, ठिकठिकाणी ठिगळं मारलेली. आणि खिडक्यांना जाळी.

मी ओरडले, "जाळीची! जाळीची मोटार!"

आज इतक्या वर्षांनी एक गोष्ट लिहून ठेवते. ओरडता ओरडता जाळीच्या आड काहीतरी पांढरं हललेलं मला दिसलं होतं. पदराचा काठ असेल, डोईवरचा रुमाल असेल. पण शब्द तोंडातून निघून पुढच्या माळवदावर पोचला होता, तिथून त्याच्या पुढच्या. मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि काय म्हणायचं ते मला सुचेना.

राज्य पालटलं होतं, पण त्या शब्दाची धास्ती पालटली नव्हती. गाव मिटलं. दारं लागली, लेकरं आत ओढली गेली, खळ्यांवर पाट्या तशाच राहिल्या. खाली आईनं कडी लावल्याचा आवाज मी ऐकला. दोघं गडी शाळेत धावले. "मास्तर, चला! जाळीची आलीया!" नानांनी काहीतरी विचारायला हवं होतं. दवाखान्याला चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली होती. पण तो शब्द कानी पडला आणि त्यांचे खांदे कानांपर्यंत चढले. ते स्वतःहून धावले. कडब्याच्या गंजीत पेंढ्या उपसून केलेल्या पोकळीत ते शिरले, आणि गड्यांनी तोंडाशी पुन्हा पेंढ्या लावल्या.

ओढ्याच्या उतारावर गणपानं आपली बैलगाडी आडवी उभी केली होती. मोटार थांबली. माळवदाच्या कठड्याआड पोटावर पडून मी पाहत होते. अंतर फार नव्हतं, वारा माझ्याकडे होता.

"मास्तरांचं घर कुठं आहे?" आतून बाईचा आवाज.

"कोन मास्तर?"

"शाळेचे मास्तर. तातडीचं काम आहे."

"बदली झाली त्यायची. लई दिस झाले."

"कुठं?"

"सरकारला ठावं. आमी खळ्यावरची मानसं."

ड्रायव्हर उतरला. "गाडी काढ बाजूला, आम्ही शाळेत जाऊन विचारतो."

"आख मोडलाय," गणपा म्हणाला आणि उकिडवा बसून तंबाखू मळू लागला. मोटारीचं दार किलकिलं झालं. बाई आणखी काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. गणपानं मान हलवली. मग ती खाकी मोटार मागं सरली, वळली, आणि करडईच्या फुलांवर धूळ टाकीत निघून गेली.

त्या दुपारी गावात जो आनंद पसरला तसा मी कुठल्या सणालाही पाहिला नाही. नानांच्या अंगावरची कडब्याची कुसं झटकायला माणसं एकमेकांना ढकलत होती. समोरच्या घरची धोंडामाय टाळी वाजवून म्हणाली, "गणप्या, आजवर निस्तं खायालाच उघडलं तुजं तोंड, आज कामी आलं बग!" सगळे हसले. नानाही हसले. गणपा आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा एवढ्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखा मोकळा झाला होता.

अर्ध्या तासानं माणसं खळ्यांवर परतली, आणि सर्व्हिस आली तेव्हा रस्त्यालगत नाना आणि मीच उरलो होतो. ती ढोकीकडे, म्हणजे धाराशिवच्या उलट्या दिशेनं चालली होती. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून हाक मारली, "मास्तर, तुम्ही हितंच हाव की! दवाखान्याची गाडी मला वाटेत भेटली. हितं कुणी मास्तर न्हाय म्हणून माघारी चाललीया ती."

नाना हसत होते ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं. ते काढून टाकायचं त्यांना सुचलं नाही.

छकड्यात कडबा पसरून, त्यावर वाकळा घालून अक्काला धाराशिवला नेलं. आई आणि नाना बरोबर गेले. उन्हानं त्रास होऊ नये म्हणून अक्काच्या डोळ्यांवर ओला पंचा ठेवला होता. जाताना तिनं माझा हात चाचपला आणि म्हणाली, "मोटार आली का गं?" मी "येतेय" म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी छकडा परत आला. नाना त्यात बसले नव्हते, बैलांच्या बरोबरीनं चालत होते. अक्काला वाटेतच झटके सुरू झाले होते. धाराशिवच्या अलीकडे, जिथून शहराची झाडं दिसू लागतात, तिथं ती गेली. आणि तिच्याबरोबर तिच्या पोटातलं.

गावानं कारण शोधलं. "जाळीच्या मोटारीचा धसका घेतला लेकरानं." बायका पदर तोंडाला लावून हेच म्हणत. गणपा आमच्या अंगणात येऊन दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून बसायचा. "मास्तर, तुमाला वाचवलं, पर पोरगी न्हाय वाचली," तो म्हणायचा, आणि नाना त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. त्यांनी मला आणि आईला बजावलं होतं, सांगायचं नाही. गावानं जिवावर उदार होऊन केलेली माया; ती कुणाच्या जिवावर बेतली, हे कळलं तर त्यांना जगता येणार नाही.

त्या गप्प राहण्याला काही दिवस मी दया समजत होते. पण सुगी पुढं सरकत होती, आणि आमच्या न बोलण्याच्या आडोशाला दुसरं काहीतरी वाढत होतं. गावात बोललं जाऊ लागलं की त्या मोटारीत जाळीआड एक पांढरी बाई बसते. ती मास्तर मागते आणि पोटुशी घेऊन जाते. लेकरं माळवदावर 'जाळीची-जाळीची' खेळू लागली. पुन्हा ती आली तर गोफणी तयार ठेवा, असं एक जण हसत म्हणाला. त्या वेळी कोणी हसलं नाही.

गणपाची लेक काशी पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली होती. अक्का गेल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती खळ्यावर न्याहारी घेऊन आली, तेव्हा मी नानांबरोबर होते. तिनं भाकरीची टोपली उतरवली. नाना तिच्या पायांकडे पाहत होते. पायांत जोडवी नव्हती. बोटांवर निळे वळ होते.

मग त्यांनी काशीला घरी पाठवलं आणि गणपाला हाक मारली. गणपा उधळणीच्या तिपाईवर उभा होता, पाटी डोक्याच्या वर धरलेली, वाऱ्याची वाट पाहत.

"गणपतराव, खाली या. त्या दिवशीची मोटार मी बोलावली होती."

गणपाला वाटलं, मास्तरांचं दुःख बोलतं आहे. "बसा मास्तर. पानी आनतो."

"धाराशिवच्या दवाखान्याची होती ती. पमाला न्यायला आली होती. मी गावाला सांगितलं नाही, ही चूक माझी. तुम्ही ओळखली नाहीत, तशी मीही ओळखली नाही. मीही लपलो. पण काशीचे पाय पमासारखेच सुजले आहेत. मी आज पुन्हा चिठ्ठी लिहितो. या वेळी तिला येऊ द्या."

वारा आला. गणपाच्या हातातल्या पाटीतून दाणे आपोआप गळू लागले, भूस उडून आमच्या अंगावर येऊ लागलं. पाटी रिकामी होईपर्यंत तो तसाच उभा होता. मग फार हळू म्हणाला, "ती बाई पानी मागत व्हती, मास्तर. जाताना. उन्हाचं आलोया, घोटभर पानी द्या म्हनली. म्या पानीबी दिलं न्हाय."

माळवदावर मला ऐकू आलं नव्हतं, ते हे होतं.

गणपा मग घरोघर फिरला. काय बोलला ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मोटार आली. माळवदावरून कुणी ओरडलं नाही. गणपा सकाळपासून ओढ्याच्या काठी भरलेली घागर घेऊन उभा होता. काशीला धरून बायकांनी आणलं, जाळीच्या दारातून आत निजवलं. मी तिचं गाठोडं घेऊन गेले होते. आत कार्बोलिकचा वास होता, आणि जाळीतून येणारं ऊन काशीच्या पोटावर चौकटी चौकटींचं पडलं होतं.

नर्स तरुण होती, पमाअक्काच्याच वयाची असेल. ती उतरून ओढ्याकडे आली, पदर खोचून वाकली, आणि गणपानं तिच्या हातांवर पाणी धरलं. आधी ती प्यायली. मग हात धुऊ लागली. गणपाला तिनं ओळखलं होतं. तिच्या स्वरात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

"मागं आम्ही येऊन गेलो ना इथं, ती मास्तरांची मुलगी. तिची सुटका झाली का नीट?"

गणपा ओतत होता.

"झाली असेल," ती आपणच म्हणाली, आणि हात झटकले. "पुरे बाबा. पुरे."

तो ओततच राहिला. तिनं हात मागं घेतले होते. पाणी खालच्या दगडावर पडत होतं, दगडावरून मातीत जात होतं, आणि घागर संपेपर्यंत त्याला कुणी थांबवलं नाही.